परदेशात फुटबॉल खेळायला जाताना: सोलापूरच्या खेळाडूंसाठी पायरी-पायरीने

दहा महिन्यांचा करार, मग नवा क्लब, कधी नवा देश, आणि दर उन्हाळ्यात पुन्हा तोच प्रश्न: पुढचा हंगाम कुठे? फिरत्या फुटबॉलपटूचं काम असं चालतं. जर्मन गोलरक्षक लुट्झ फानेनश्टील असाच फिरत फिरत फिफाच्या सहाही खंडीय महासंघांमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला खेळाडू ठरला. आपल्याकडचा बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या ‘बरी’ (Bury) क्लबकडे गेला आणि पुढे मलेशियातही खेळला. गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला, बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे, मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडे. हे सगळे भारतात वरच्या पातळीवर खेळून मग बाहेर पडले.

सोलापुरातून निघणाऱ्या मुला-मुलींचं नुकसान मैदानावर कमी आणि क्रम चुकल्यामुळे जास्त होतं. आधी पैसे भरले, मग तिकीट काढलं, मग ट्रायल, आणि करार व व्हिसा ‘तिकडे गेल्यावर बघू’. हा क्रम बरोबर उलटा हवा. इथला खेळाचा रेकॉर्ड, मग कागदपत्रं, मग व्हिडिओ, मग पडताळून घेतलेली ऑफर, मग लेखी करार, व्हिसा, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

वय आणि इथला रेकॉर्ड

फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील तर, किंवा युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८ वयात. हे अपवाद सोलापूरच्या मुलाला सहसा लागू पडत नाहीत. तेव्हा ‘सोळाव्या वर्षी युरोपात क्लबकडून खेळवतो’ असं कोणी सांगितलं की बोलणं तिथेच थांबवा. अकादमीत फी भरून सराव करता येतो, पण तो सराव म्हणजे क्लबची नोंदणी नव्हे.

अठरापर्यंतची वर्षं इथे नीट वापरायची. शाळेत असताना सुब्रतो कप आणि जिल्हा संघ. त्यानंतर पुण्याची किंवा मुंबईची जिल्हा लीग, शक्य असेल तर बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी, संतोष ट्रॉफीची निवड चाचणी. सोलापुरात क्रिकेटच्या तुलनेत फुटबॉलचे सामने कमी होतात. वर्षभरात दहा-बारा स्पर्धात्मक सामनेही झाले नाहीत, तर बाहेरचा कोणताही प्रशिक्षक तुमचा विचार करणार नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर होणारी लीग या बाबतीत फार उपयोगी आहे: गर्दी असते, दडपण असतं, सामने अटीतटीचे होतात. तिथे एक हंगाम काढणं हा खर्च नव्हे, गुंतवणूक आहे.

हे सामने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत तुमच्या नावावर दिसले पाहिजेत. मैदानात पन्नास गोल केले आणि नोंदणीच नसेल, तर परदेशी क्लबच्या दृष्टीने ते गोल झालेच नाहीत.

कागदपत्रं: नावाचं स्पेलिंग सगळ्यात आधी

सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतली आडनावं इंग्रजीत वेगवेगळी लिहिली जातात. शाळेच्या दाखल्यावर एक ‘एल’, आधारवर दोन, नोंदणी प्रणालीत तिसरंच काही. परदेशातली संघटना तुमची नोंदणी पासपोर्टवरच्या नावाने करते आणि ते इथल्या नोंदीशी ताडून पाहते. फरक पडला की फाइल अडकते, तेवढ्यात खिडकी (नवे खेळाडू नोंदवण्याची ठरावीक मुदत) बंद होते. म्हणून जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि फुटबॉलची नोंदणी या पाचही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज भरा. वयोगटाच्या स्पर्धेसाठी कधी कोणी जन्मतारीख ‘जुळवून’ दिली असेल, तर ती आताच दुरुस्त करा. दोन तारखा असलेला खेळाडू कोणताही क्लब घेत नाही.

पासपोर्टसाठी पुण्याला जायची गरज नाही, सोलापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. ३६ पानांच्या पुस्तिकेला १,५०० रुपये, ६० पानांच्या पुस्तिकेला २,००० रुपये. फिरत्या खेळाडूने ६० पानांचीच घ्यावी. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. एकाच नावाच्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीचा भेटीचा व्हिसा अडतो.

दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा अर्जाला जरूर जोडा. तो नसेल तर पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का येतो. मग आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया अशा १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. दहावीची परीक्षा सोडून मैदानावर जाणाऱ्यांनी हे आत्ताच वाचलं तर बरं.

याशिवाय पोलीस पडताळणी प्रमाणपत्र (तेही पासपोर्ट सेवेतूनच, फी ५०० रुपये), दहावी-बारावीची प्रमाणपत्रं आणि त्यांच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचं परदेशासाठीचं प्रमाणीकरण). अपोस्टिल सगळीकडे चालत नाही. ओमान, बहरीन, सौदीत चालतं, अमिरातीसाठी वकिलातीचं साक्षांकन लागतं. पोलीस प्रमाणपत्र फार लवकर काढू नका, कारण अनेक ठिकाणी सहा महिन्यांपेक्षा जुनं स्वीकारत नाहीत.

व्हिडिओ

प्रशिक्षक किंवा एजंट पहिला मिनीटभर पाहतो आणि ठरवतो. चार-पाच मिनिटांची एक फीत करा. सगळ्यात चांगले सहा-सात प्रसंग सुरुवातीलाच घाला, आणि चेंडू येण्याआधी तुमच्याभोवती गोल किंवा बाण दाखवा. गाणी नकोत. फक्त गोल दाखवू नका. बचावपटूने एकास एक लढती, हवेतले चेंडू आणि दडपणाखाली दिलेले पास दाखवावेत; मधल्या फळीतल्याने चेंडू घेण्याआधी मान वळवून पाहिल्याचे क्षण दाखवावेत. ते फार थोडे जण दाखवतात, आणि प्रशिक्षक नेमकं तेच शोधत असतो.

त्यासोबत दोन पूर्ण सामन्यांच्या, न कापलेल्या ९० मिनिटांच्या लिंक द्या. चेंडू पायात नसताना तुम्ही काय करता हे त्यातूनच कळतं. चित्रीकरण जमिनीवरून केलं तर खेळाडू एकमेकांमागे झाकले जातात. शाळेच्या दुसऱ्या मजल्याची गॅलरी किंवा स्टँडची वरची पायरी निवडा, मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, १०८० पिक्सेलवर मध्यरेषेवरून घ्या. सकाळी सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी राहील अशी बाजू धरा.

एका पानाचा परिचय पुरे: नाव, जन्मतारीख, उंची, वजन, कोणता पाय, मैदानावर खेळायच्या दोन जागा (पाच नकोत), गेल्या तीन हंगामांतले क्लब आणि सामने, पासपोर्ट कोणत्या देशाचा, सध्याचा करार कधी संपतो. यो-यो चाचणीचा (वेग वाढवत ये-जा धावण्याच्या दमाच्या चाचणीचा) आकडा लिहायचा तर खरा लिहा, कारण ट्रायलच्या पहिल्या दोन दिवसांत तो तपासला जातो. गोलरक्षक सोडून इतर खेळाडूने या चाचणीच्या पहिल्या पातळीवर २,००० मीटरच्या पुढे जायला हवं.

कोणता देश

इथे स्वप्नापेक्षा व्हिसाचे नियम आधी वाचावे लागतात. इंग्लंडमध्ये व्यावसायिक म्हणून खेळायला तिथल्या फुटबॉल असोसिएशनची मान्यता लागते आणि ती गुणांवर मिळते. भारतातल्या जिल्हा लीगमधून ते गुण जमत नाहीत. ‘मग शिक्षणाच्या व्हिसावर जाऊ आणि तिथे क्लब शोधू’ हा विचार सोलापुरात बरेच पालक करतात, कर्जही काढतात. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला स्पष्ट मनाई करतो, आणि ‘व्यावसायिक’ची त्यांची व्याख्या कडक आहे, छोट्या क्लबने सामन्यामागे थोडे पैसे दिले तरी व्हिसा धोक्यात येऊ शकतो. शिकायला जायचं असेल तर शिकायला जा, विद्यापीठाच्या संघात खुशाल खेळा.

जर्मनीत व्यावसायिक खेळाडूला परवाना मिळायला पगाराची किमान अट आहे: पेन्शन विम्यासाठी जी कमाल उत्पन्नमर्यादा ठरते, तिच्या निम्म्याइतका ढोबळ (कर कापण्याआधीचा) पगार हवा. खालच्या लीगमधले क्लब तेवढा पगार देत नाहीत. म्हणूनच ‘जर्मनीत सहाव्या श्रेणीत करार’ ही ऑफर बहुतेक वेळा कागदावर टिकत नाही.

सुरुवातीला आवाक्यातले देश म्हणजे नेपाळ, भूतान, मालदीव, बांगलादेश आणि आखातातल्या खालच्या श्रेणी. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, हा मोठा फायदा. पैसा थोडा, पण परदेशी नोंदणी, परदेशी सामने आणि पूर्ण ९० मिनिटांचे व्हिडिओ हातात येतात. पुढचा क्लब तेच बघतो.

हंगाम वेगवेगळे आहेत हेही लक्षात ठेवा. युरोपातल्या बहुतेक लीग ऑगस्ट ते मे चालतात. नॉर्वे, स्वीडन वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपतात. खिडकी उघडण्याच्या दोन-तीन महिने आधी व्हिडिओ पोचला पाहिजे. एक सवलत माहीत असू द्या: खिडकी बंद होण्याआधी ज्याचा करार संपलेला आहे, अशा मोकळ्या खेळाडूची नोंदणी खिडकीनंतरही करता येते. क्लबमधले दोन जण जखमी झाले की याच सवलतीवर फोन येतात, आणि तेव्हा कागद तयार असलेला खेळाडूच जातो.

एजंट आणि खोट्या ऑफर

१ ऑक्टोबर २०२३ पासून एजंटला फिफाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे. नाव तिथे शोधा. प्रतिनिधित्वाचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. एजंटचे पैसे तुमच्या पगारातून, करार झाल्यावर निघतात. करार होण्याआधी ‘प्रोसेसिंग’, ‘फाइल’, ‘कोटा’ या नावाने पैसे मागणारा माणूस एजंट नाही.

ऑफर आली की ही तपासणी करा. ईमेल क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाने आला आहे की फुकटच्या मेलवरून? त्या देशाच्या फुटबॉल संघटनेच्या संकेतस्थळावर क्लब कोणत्या श्रेणीत दिसतो? संकेतस्थळावरचा फोन नंबर स्वतः शोधून फोन लावा. पत्रावर छापलेल्या नंबरवर लावू नका, ऑफर खोटी असेल तर तो फसवणाऱ्यांचाच असतो. क्लबच्या सध्याच्या दोन परदेशी खेळाडूंना समाजमाध्यमांवर थेट विचारा: पगार वेळेवर येतो का? खेळाडू खेळाडूला बहुधा खरं सांगतो. आणि ‘आयटीसीचे पैसे भरा’ असं कोणी म्हटलं तर समजून जा. आयटीसी म्हणजे दुसऱ्या देशात नोंदणीसाठी लागणारं आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फर सर्टिफिकेट, आणि ते फिफाच्या नियमानेच मोफत असतं.

खरा क्लबही ट्रायलला बोलावताना तिकिटाचे पैसे देईलच असं नाही. पण बोलावणं लेखी हवं: तारखा, राहणं-जेवण कोणाचं, दुखापत झाली तर खर्च कोणाचा. साध्या प्रवास विम्यात व्यावसायिक खेळातली दुखापत बऱ्याचदा वगळलेली असते. पॉलिसीतलं ते कलम वाचूनच विमा घ्या.

ट्रायल

सोलापूरची मैदानं कडक. इथे टर्फचे बूट चालून जातात, आणि नवा खेळाडू तोच एक जोड घेऊन जातो. ओल्या गवतावर तो पहिल्या वळणाला घसरतो. तीन जोड लागतात: घट्ट गवतासाठी एफजी, ओल्या मऊ मैदानासाठी धातूच्या लांब खुंट्यांचे एसजी, कृत्रिम मैदानासाठी एजी. कृत्रिम मैदानावर एफजी घातले तर खुंटी अडकते आणि गुडघा पिरगळतो. तिन्ही जोड निघण्याआधी दोन-तीन आठवडे पायात मुरवून घ्या.

शक्य असेल तर तीन-चार दिवस आधी पोचा. पहिल्या सरावात चमकायला जाऊ नका. दोन स्पर्शांत खेळा, आवाज द्या. मैदानावरचे इंग्रजी इशारे (मॅन ऑन, टर्न, टाइम, लाइन, अवे) तोंडात बसलेले हवेत. गप्प बचावपटूला ट्रायलमधून सगळ्यात आधी घरी पाठवतात. पहिल्या आठवड्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असली की पोट सांभाळलं जातं. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी मात्र खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावे लागतात, नाही तर दंड.

करार वाचताना

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. तरी ‘सर, सही कुठे करू?’ एवढ्यावरच बरेच जण ती संपवतात.

करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा आणि सही केलेली प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्या. पगार ढोबळ की हातात येणारा, कोणत्या चलनात, महिन्याच्या कोणत्या तारखेला, हे तिन्ही लिहिलेलं हवं. घर, ये-जा विमान तिकीट, वैद्यकीय विमा आणि जखमी असतानाचा पगार ही कलमं तोंडी आश्वासनावर सोडू नका. ‘वैद्यकीय तपासणीत पास झाल्यास’ किंवा ‘वर्क परमिट मिळाल्यास करार लागू’ अशी अट फिफाच्या नियमात बसत नाही. तपासणी सहीच्या आधी करायची. करार किमान चालू हंगामाच्या शेवटापर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. ‘मुदत वाढवायचा हक्क फक्त क्लबला’ असं एकतर्फी कलम दिसलं तर काढायला सांगा. आणि दोन करार करू नका. संघटनेकडे नोंदवायला कमी पगाराचा एक आणि ‘आपल्यात’ खऱ्या पगाराचा दुसरा, असं सुचवलं जातं. भांडण झालं की तो दुसरा कागद सिद्ध करता करता वर्ष जातं.

आकडेमोड सहीपूर्वी करा. समजा महिना ८०० डॉलर, दहा महिने. वर्षाचे ८,०००. एजंटला १० टक्के दिले तर उरले ७,२००. घर क्लबचं नसेल आणि भाडं २५० असेल तर दहा महिन्यांचे २,५०० गेले, उरले ४,७००. हे बारा महिन्यांवर पसरा, कारण उरलेल्या दोन महिन्यांतही जेवावं लागतं: महिना सुमारे ३९० डॉलर. जेवण, कर आणि रिकाम्या काळातला सराव अजून यातूनच जायचा आहे. म्हणजे ६०० डॉलर आणि घर-जेवण क्लबचं, अशी ऑफर ८०० पेक्षा सरस ठरू शकते.

करारानंतर तुमचा नवा क्लब आपल्या संघटनेमार्फत भारताच्या महासंघाकडे आयटीसी मागतो. सगळं फिफाच्या ऑनलाइन प्रणालीवर होतं. तुमचं काम एकच: जुन्या क्लबशी करार संपल्याचा लेखी कागद हातात ठेवणं. आयटीसी आल्याशिवाय अधिकृत सामना खेळू नका, मैत्रीपूर्ण म्हणून कोणी आग्रह केला तरी आधी विचारा. शिवाय एका हंगामात तीनच क्लबांकडे नोंदणी होते आणि अधिकृत सामने साधारणपणे दोनच क्लबांसाठी खेळता येतात. घाईने क्लब बदलणारा उरलेला हंगाम बाहेर बसतो.

पगार थकला तर

थकतो. चांगल्या देशांतही थकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लावा: पगार बँकेतून घ्या, रोख घ्यावा लागला तर पावती घ्या, क्लबशी महत्त्वाचं बोलणं लेखी ठेवा.

दोन महिन्यांचा पगार राहिला की क्लबला लेखी नोटीस द्या आणि किमान १५ दिवसांची मुदत द्या. मुदतीत पैसे आले नाहीत, तर योग्य कारणाने करार संपवण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. इथे खेळाडू हटकून चुकतात: नोटीस न देता सामान बांधून सोलापूरला येतात. मग करार तोडणारे तेच ठरतात आणि थकलेला पगार बाजूलाच राहून भरपाई त्यांच्यावर येऊ शकते. नोटीस द्या, मुदत संपेपर्यंत सरावाला हजर राहा, हजेरीचे पुरावे ठेवा. सरावाला येऊ दिलं नाही तर तेही त्याच दिवशी मेलवर लिहा.

त्यानंतर फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे तक्रार करता येते. खेळाडूला तिथे फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. निकाल लागूनही क्लबने पैसे दिले नाहीत, तर त्याच्यावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येते, आणि बंदीच्या धास्तीने पैसे निघतात. पासपोर्ट क्लबकडे ठेवायला देऊ नका. नोंदणीपुरता दाखवून परत घ्या. दिला नाही तर भारतीय दूतावासाकडे जा, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करा.

पगार थकलेल्या खेळाडूभोवतीच सामना विकत घेणारे घिरट्या घालतात. विचारणा झाली आणि तुम्ही नकार दिलात, तरी ती कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. गप्प राहणाऱ्यावरही कारवाई होते.

औषधं

सुट्टीत घरी आल्यावर गुडघा दुखला, ओळखीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, खोकल्याला सिरप घेतलं, कोणी ताकदीची पूड दिली. यातलं काहीही उत्तेजक चाचणीत सापडू शकतं. सूज-दुखणं कमी करायला देतात ती स्टिरॉइडची (ग्लुकोकॉर्टिकॉइड) इंजेक्शनं १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात सगळीच प्रतिबंधित आहेत. ‘डॉक्टरांनी दिलं’ हे उत्तर तिथे चालत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. घटक छापलेले नसतील अशी कोणतीही पूड किंवा काढा बंद. जुन्या दुखापतींचे एमआरआय मात्र जपून ठेवा आणि लपवू नका. नव्या क्लबच्या तपासणीत ते दिसतातच.

सोलापूरच्या क्लबांनी करायचं काम

खेळाडू परदेशात पहिला व्यावसायिक करार करतो, तेव्हा वयाच्या १२ ते २१ या काळात त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई मिळू शकते. आशियात ही रक्कम नव्या क्लबच्या श्रेणीनुसार ठरते. तिसऱ्या श्रेणीसाठी १६ ते २१ वयातल्या दर वर्षाला १०,००० डॉलर (१२ ते १५ च्या वर्षांसाठी त्याहून कमी), आणि नवा क्लब चौथ्या म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीतला असेल तर काहीच नाही. पुढे कधी मोठी ट्रान्स्फर फी लागली, तर तिच्यातला पाच टक्के हिस्सा १२ ते २३ वयातल्या क्लबांमध्ये वाटला जातो. हा पैसा मागायला मुलाची बाराव्या वर्षापासूनची नोंद प्रणालीत हवी. मैदानावर शंभर मुलं पळवणाऱ्या आपल्या क्लबांनी ती नोंद दरवर्षी, हंगाम सुरू होताच करावी. जन्मदाखल्याची प्रत, फोटो आणि पालकांची सही, एवढंच लागतं.

आणि कधी उलटंही घडतं. परदेशातला छोटा क्लब भरपाईच्या भीतीने खेळाडू नाकारतो. तेव्हा इथल्या क्लबने आपला हक्क सोडल्याचं लेखी पत्र द्यायचं की नाही, हे खेळाडूशी बसून ठरवावं. हे पत्र मागायला खेळाडूने खिडकी बंद होण्याच्या आदल्या रात्री येऊ नये, ऑफर आली त्याच आठवड्यात यावं.